दंगल संपली, शेजारी तोच

विज्ञानकथा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अग्निबाण येतो, परग्रहावरची माणसे येतात आणि शेवटी दोन बाजूंची घनघोर लढाई येते. लढाई संपते, चांगली बाजू जिंकते, पडद्यावर नावे सरकू लागतात आणि आपण उठून दिवा लावतो. पण वाचकहो, लढाई संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होते? जळलेले घर कोण उभे करतो? बंद पडलेली शाळा कोण उघडतो? ज्याने काल आपल्या भावावर हात उचलला तोच आज पाण्याच्या रांगेत आपल्या पुढे उभा असेल, तर त्याच्याशी बोलायचे की नाही?

फार थोड्या कथा हा प्रश्न विचारतात. आणि चाळीत वाढलेल्या माणसाला तर तोच प्रश्न सर्वांत जवळचा आहे. परग्रहावरचा शत्रू यानात बसून निघून जातो. आपल्याकडे दंगल थांबते, संचारबंदी उठते, पोलिसांची गाडी नाक्यावरून हलते आणि शत्रू समोरच्या चाळीतच राहतो.

हाच प्रश्न धरून चालणारी एक परदेशी मालिका घरातल्या मुलांच्या मोबाईलमुळे माझ्या पाहण्यात आली. तिच्याविषयी थोडे सांगावे आणि त्या निमित्ताने आपल्या वरळी, नायगाव, दादर, परळचा जमाखर्च मांडावा, म्हणून हा लेख.

पन्नास वर्षांच्या गुलामीनंतर

‘स्टार ट्रेक’ हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. अंतराळयानातून फिरणाऱ्या माणसांची ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली आणि पुढे तिच्या अनेक शाखा निघाल्या. त्यांपैकी एका शाखेचे नाव ‘डीप स्पेस नाइन’. ती जानेवारी १९९३ मध्ये सुरू झाली आणि सात पर्वे चालून १९९९ मध्ये संपली. इतर शाखांतील याने रोज नव्या ताऱ्याकडे जातात. या मालिकेतले लोक मात्र एकाच जागी राहतात. आज झालेले भांडण उद्या मागे टाकून पुढे जाण्याची सोय त्यांना नाही.

कथा अशी. बजोर नावाचा एक ग्रह आहे. त्याच्यावर कार्डेशियन नावाच्या बलाढ्य लोकांनी सुमारे पन्नास वर्षे राज्य केले. बजोरच्या लोकांना छावण्यांत कोंडून त्यांच्याकडून खाणी खोदून घेतल्या. शेवटी प्रतिकार इतका वाढला की कार्डेशियन निघून गेले. जाताना नासधूस करून गेले. ग्रहाच्या वर त्यांनी गुलामांच्या कष्टाने उभारलेले एक अंतराळ स्थानक होते. मोडकळीस आलेल्या त्या स्थानकावर बजोरचे लोक आणि बाहेरून मदतीला आलेले लोक मिळून संसार थाटतात. इथे मालिका सुरू होते.

आता या स्थानकावर कोण कोण आहे ते पाहा. मुख्य अधिकारी बेंजामिन सिस्को हा लढाईत पत्नी गमावलेला, मुलाला एकट्याने वाढवणारा काळा माणूस आहे. त्याच्या हाताखालची किरा ही बाई लहानपणापासून बंदूक घेऊन कार्डेशियनांविरुद्ध लढलेली आहे. तिला आता कागदपत्रे, बैठका आणि तक्रारी सांभाळायच्या आहेत. ओब्रायन नावाचा मिस्त्री बिघडलेली यंत्रे दुरुस्त करत असतो, आणि तोही कार्डेशियनांशी एका लढाईत लढलेला आहे. त्याची बायको स्थानकावर शाळा काढते. तिथे काय शिकवायचे यावरून भांडण पेटते आणि एके दिवशी शाळेत स्फोट होतो. बंदोबस्ताचा अधिकारी ओडो हा कार्डेशियनांच्या काळातही तिथेच बंदोबस्ताला होता. आणि बाजाराच्या रांगेत एक शिंप्याचे दुकान आहे. तो शिंपी कार्डेशियन आहे. त्याचे सगळे लोक गेले, तो एकटा मागे राहिला.

म्हणजे गोष्ट सेनापतींची कमी आणि मिस्त्री, शिक्षिका, शिंपी, दुकानदार, कारकून यांची जास्त. लढाईत एकत्र असलेले बजोरी लोक लढाई संपताच आपसात भांडू लागतात, हेही मालिका लपवत नाही. नवे सरकार कुणाचे, धर्मपीठाने किती लुडबूड करायची, बाहेरच्यांची मदत घ्यायची की नाही, यावरून रोज तंटा. हे पाहताना आपल्याला आपलेच काही आठवले तर नवल नाही. १९७२ साली उभी राहिलेली दलित पँथर दोनच वर्षांत फुटू लागली आणि १९७७ मध्ये बरखास्तीपर्यंत गेली. लढताना समोरचा माणूस आपल्याला एकत्र ठेवतो. लढाई थांबली की एकत्र राहण्याचे कारण आपणच शोधावे लागते.

फाइली ठेवणारा कारकून

या मालिकेतील एक भाग मला विशेष सांगायचा आहे, कारण त्यात एक कारकून आहे आणि मीही कारकून आहे.

‘ड्यूएट’ नावाचा हा भाग जून १९९३ मध्ये दाखवला गेला. स्थानकावर एक आजारी कार्डेशियन येतो. त्याचा आजार असा की तो फक्त एकाच छावणीत, तिथल्या एका खाण-अपघातातून जडू शकतो. त्या छावणीत बजोरी लोकांवर भयंकर अत्याचार झालेले असतात. किरा त्याला ताबडतोब कोठडीत टाकते. तो म्हणतो, मी तिथे फक्त कारकून होतो, फाइली ठेवत होतो. तिचा विश्वास बसत नाही. तपास वाढतो, तसा तो बदलतो. तो छावणीचा क्रूर प्रमुख असल्याचे दिसू लागते आणि तो स्वतःच छाती ठोकून आपले गुन्हे सांगू लागतो.

पण ओडो जुन्या नोंदी तपासतो. त्यांतून कळते की तो प्रमुख कधीच मेला आहे आणि हा माणूस खरोखरच फाइली ठेवणारा कारकून होता. रात्री छावणीतून किंकाळ्या ऐकू यायच्या तेव्हा तो कानावर हात ठेवून पडून राहत असे. ती लाज त्याला सोडत नव्हती. म्हणून त्याने आपला चेहरा बदलून घेतला आणि प्रमुखाचे सोंग घेऊन शत्रूच्या हाती सापडला. आपल्यावर खटला चालावा, आपल्याला शिक्षा व्हावी आणि त्या निमित्ताने आपल्या देशाने आपला गुन्हा एकदा तरी कबूल करावा, एवढाच त्याचा हेतू होता.

हे कळल्यावर किरा त्याला सोडून देते. दोघे चालत बाहेर येतात आणि गर्दीतून एक बजोरी माणूस पुढे होऊन त्याच्या पाठीत सुरा खुपसतो. हा तो प्रमुख नव्हता, असे किरा त्याला सांगते. तो म्हणतो की तो कार्डेशियन होता, तेवढे कारण पुरे. आयुष्यभर कार्डेशियनांशी लढलेली किरा त्या प्रेताजवळ बसून मान हलवते. तेवढे कारण पुरे नाही.

वाचकहो, या एका कथेत दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही आपल्या कामाच्या आहेत. पहिली, ज्यांच्या बाजूने अन्याय झाला त्यांच्यातील कुणीतरी पुढे येऊन सांगावे लागते की हे घडले आणि ते मी पाहिले. कचेरीत काम करणाऱ्याला ठाऊक असते की प्रत्येक अन्यायाचा कागद कुठेतरी असतो. कुणीतरी हजेरी मांडलेली असते, कुणीतरी अर्ज फेटाळल्याची नोंद केलेली असते, कुणीतरी तक्रार लिहून न घेता माणसाला परत पाठवलेले असते. दुसरी गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे ज्यांनी सोसले त्यांच्यासाठी आहे. समोरचा माणूस ‘त्यांच्यातला’ आहे, एवढ्यावर त्याचा निवाडा करायचा का? जन्मावरून माणसाचा निवाडा करणे हीच तर जातिव्यवस्था. तिचे मूळ सूत्र आपण सूड घेताना स्वीकारले, तर ती जिंकली आणि आपण हरलो.

महाडचा धडा

हे आपल्याला परदेशी मालिकेने शिकवण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर गावात अफवा उठली आणि परिषदेला आलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. लोक जेवायला बसलेले असताना मारहाण झाली. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. उलट वार करायला तयार असलेली माणसे त्या दिवशी कमी नव्हती. त्यांत सैन्यातून आलेले होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पण आवरले म्हणजे विसरा म्हणाले नाहीत. प्रकरण पोलिसांत आणि कोर्टात गेले, हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली, आणि तळ्याच्या हक्काचा दावा पुढे दहा वर्षे लढवून जिंकला.

त्याच लढ्यात ब्राह्मणेतर पक्षाचे जेधे आणि जवळकर यांनी एक अट घालून पाठिंबा देऊ केला. सत्याग्रहात कुणाही ब्राह्मणाला घेऊ नये, अशी ती अट होती. बाबासाहेबांनी ती मानली नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो जन्माने ब्राह्मण असलेल्या सहस्रबुद्धे यांनी. हात आवरा, नोंद सोडू नका आणि जन्मावरून माणूस तोलू नका, हे तिन्ही धडे महाडला एकत्र दिसतात.

आता आपल्या चाळींकडे येऊ.

वरळी, जानेवारी १९७४

बीडीडी चाळी १९२०च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून सुमारे दोनशे चाळी. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा पॅसेज, १६० चौरस फुटांची एक खोली, मोरी-संडास सामाईक. कोकण, सातारा, घाटावरून आलेल्या कामगारांनी त्या भरल्या. भिंती एकसारख्या असल्या तरी वस्ती जातीजातीने बसली. काही चाळी आपल्या, काही त्यांच्या, असा हिशेब लहान पोरालाही पाठ असे. एका मैदानावर जयंती, दुसऱ्यावर दहीहंडी.

५ जानेवारी १९७४ रोजी वरळीला आंबेडकर मैदानात दलित पँथरची सभा झाली. मध्य मुंबई लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक होती. दलितांवरील अत्याचारांच्या निषेधार्थ तिच्यावर बहिष्कार टाकण्याचे आवाहन पँथरने केले. सभेवर दगड आले, पोलिसांची लाठी चालली आणि वरळी पेटली. चाळीच्या गच्चीवरून समोरच्या चाळीवर दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या पडू लागल्या. दंगल नायगावपर्यंत पसरली. १० जानेवारीला निषेध मोर्चा परळ भागातून जात असताना वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता ठार झाला. निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. निवडणूक संपली तरी दंगल धुमसत राहिली. पुढे न्यायमूर्ती भस्मे यांच्या आयोगाने वरळी-नायगावच्या दंगलीची चौकशी केली.

माझा जन्म त्यानंतरचा. पण आमच्या पिढीने ते दिवस वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहेत. कोणत्या गल्लीतून जायचे नाही, कामावरून येताना किती जणांनी बरोबर यायचे, बायकांनी नळावर कुठल्या वेळी जायचे, हे सगळे दंगलीने ठरवून टाकले होते. दंगलीचे वर्णन करताना आपण दगड आणि गोळीबार सांगतो. रोजच्या जगण्यातली ही मोडतोड कुठल्याच पंचनाम्यात येत नाही, आणि दुरुस्ती करायची असते ती नेमकी तिची.

भोंगा दोघांचा एकच

मग ही दुरुस्ती कुणी केली? कुठला तह झाला नाही, कुणी कुणाची माफी मागितली नाही. पण गिरणीचा भोंगा दोन्ही चाळींना एकाच वेळी उठवत होता. पाळी चुकली तर पगार कापला जाई, मग तो कुठल्याही चाळीतला असो. म्युनिसिपालिटीच्या शाळेत मुले एका बाकावर बसत होती. बाळंतपणासाठी बायका एकाच इस्पितळात जात होत्या.

याचा अर्थ गिरणीत समता होती असे नाही. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे म्हणून आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत, आणि तिथे पगार जास्त असे. हा भेद काढून टाका, ही मागणी बाबासाहेबांनी १९२८च्या संपात लावून धरली होती. कामगारांची एकी हवी असेल तर एकाला बाहेर ठेवून ती होणार नाही, हे त्यांचे म्हणणे तेव्हाच्या पुढाऱ्यांना पचले नाही. लाल बावट्याखाली असलेली जात भगव्याखालीही राहिली आणि १९७४ मध्ये ती गच्चीवर चढली.

त्यानंतर आठ वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९७४ मध्ये एकमेकांवर दगड टाकणारे हात त्या संपात एकाच बाजूला होते. उधारी दोघांची थकली. दोघांच्याही बायकांचे दागिने सावकाराकडे गेले. दोघांची पोरे शाळा सोडून कामाला लागली. संप फसला, गिरण्या हळूहळू बंद पडल्या आणि त्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. लोअर परळच्या फिनिक्स मिलकडे पाहावे. चाळीचाळींत वैर माजले होते तेव्हा जमीन कुणाची होती आणि शेवटी कुणाकडे गेली, हा हिशेब दोन्ही चाळींनी मिळून मांडायला हवा होता. तो मांडला गेला नाही.

सोबत सोसल्याने वैराची धार कमी होते, हे खरे. पण धार कमी होणे म्हणजे मैत्री होणे नव्हे. कबुली राहून गेली की तेच वैर दुसरे नाव घेऊन येते.

१९९३ नंतरचे मिस्त्री

ते आलेच. ६ डिसेंबर १९९२ला बाबरी मशीद पाडली आणि मुंबई पेटली. दुसरा टप्पा ६ जानेवारी ते २० जानेवारी १९९३. म्हणजे तिकडे अमेरिकेत शत्रूंच्या शेजारी संसार थाटण्याची ही मालिका सुरू होत होती, त्याच महिन्यात इकडे शेजाऱ्यांची घरे जळत होती. मी तेव्हा शाळकरी होतो. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार या दोन टप्प्यांत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ ओळख न पटलेले आणि ५ इतर.

याच वेळी मुंबईजवळचे एक गाव शांत राहिले. ते म्हणजे भिवंडी. १९७० आणि १९८४ या दोन्ही वर्षी तिथे मोठ्या दंगली झाल्या होत्या, त्यामुळे १९९२ मध्ये सर्वांना भीती भिवंडीचीच होती. पण १९८८ पासून तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. समितीत हिंदू-मुसलमान सारखेच, आणि माणसे साधी. यंत्रमागवाले, दुकानदार, हातगाडीवाले. बैठकीला दंगलीची वाट पाहायची नाही. गटार तुंबले, पोरांची मारामारी झाली, मिरवणुकीचा रस्ता ठरवायचा आहे, अशा लहान गोष्टींसाठी नियमित बसायचे. त्यामुळे अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी, हे विचारायला पलीकडच्या मोहल्ल्यात ओळखीचा माणूस होता.

मुंबईत दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांनी पोलिसांना बरोबर घेऊन हेच काम हाती घेतले. पोलीस आणि वस्तीतली पोरे यांचे क्रिकेटचे सामनेही भरवले. दादरपासून हाकेच्या अंतरावरील धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडी वर्षानुवर्षे गल्लोगल्ली फिरली. वकार खान कपडे शिवण्याच्या धंद्यातले, म्हणजे मालिकेत शिंपी आहे तसा इथेही शिंपीच निघाला. त्यांनी वेगवेगळ्या धर्मांच्या वेशातील मुलांचे ‘हम सब एक हैं’ असे पोस्टर काढले आणि ते पोलीस ठाण्यांपासून दुकानांपर्यंत लावले. या दोघांच्या मैत्रीवर अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ मध्ये ‘नाता’ हा माहितीपट केला.

या कामाला टाळ्या कमी पडतात. दंगल झाली की बातमी होते. दंगल झाली नाही, याची बातमी कोण करणार?

कबुलीशिवाय पाया नाही

पण याच ठिकाणी त्या कारकुनाची आठवण ठेवावी लागते. श्रीकृष्ण आयोग नेमला गेला २५ जानेवारी १९९३ला. जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने तो गुंडाळला, त्याच वर्षी मे महिन्यात त्याला पुन्हा उभे केले आणि १६ फेब्रुवारी १९९८ला अहवाल सादर झाला. अहवालात नावानिशी नोंदी आहेत. त्यामानाने शिक्षा फारच थोड्यांना झाली. नोंद झाली आणि तिचे पुढे काही झाले नाही, तर सोसलेल्या माणसाला वाटते की आपले दुःख लिहून घेऊन फडताळात ठेवले. अशा माणसाला ‘झाले गेले विसरून जा’ म्हणणे म्हणजे त्याच्या जखमेवर बसून सलोख्याचे भाषण करणे होय.

आपल्याकडे अंगुलीमालाची कथा विहारात मुलांना सांगतात. दरोडेखोर बदलला, भिक्खू झाला, इथेच बहुतेक वेळा कथा थांबते. पण तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. तो श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा लोक त्याला दगड मारतात. डोके फुटलेले, चीवर फाटलेले, अशा अवस्थेत तो परत येतो. भगवान बुद्ध लोकांना दोष देत नाहीत. हे तुझ्या कर्माचे फळ आहे, ते सोस, असे ते त्याला सांगतात. क्षमा मिळाली की सारे पुसले गेले, असे बुद्धांनी म्हटले नाही. ज्याने केले त्याने भार उचलायचा आहे, आणि तो भार उचलत त्याच गावात, त्याच माणसांत वावरायचे आहे. एका अडलेल्या बाळंतिणीच्या दारीही तोच अंगुलीमाल गेला, हेही कथेत आहे. गावाने त्याला दारात येऊ दिले तेव्हा कथा पुरी झाली.

चाळीस मजल्यांवर

आता हा प्रश्न जुना राहिलेला नाही. बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडून टप्प्याटप्प्याने होत आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग मिळून १५ हजार ५९३ भाडेकरूंचा हा प्रकल्प. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत, तीन मजल्यांवरून चाळीस मजल्यांवर. ज्या माणसाला तीन पिढ्या दारातल्या चपलांचा ढीग ओलांडून घरात शिरावे लागले, त्याला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि स्वतःचा संडास मिळणे ही लहान गोष्ट नाही. ती आपल्या कष्टाची आहे.

पण वाचकहो, त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडते आहे. ‘आपल्या’ आणि ‘त्यांच्या’ चाळी जमीनदोस्त होत आहेत. सोडतीने कुणाला कुठला मजला लागेल ते सांगता येत नाही. १९७४ मध्ये ज्या दोन घरांनी एकमेकांवर गच्चीवरून दगड टाकले, त्यांची नातवंडे एका लिफ्टमध्ये उभी राहतील. सोसायटीच्या बैठकीत विहाराची जागा कुठे, मंडळाची मूर्ती कुठे, १४ एप्रिलला ध्वनिक्षेपक किती वाजेपर्यंत, गणपतीत किती वाजेपर्यंत, देखभालीचा खर्च कुणी थकवला, हे प्रश्न निघतील. आणि मनोऱ्यात एक जुनी सोय नसेल. मजल्यावरचा सामाईक नळ. तिथे बायका भांडत होत्या आणि तिथेच भांडण मिटवतही होत्या. बंद दरवाजाच्या आड वैर तसेच राहू शकते, ते कुणाला कळतही नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून सोसायटीच्या समितीत दोन्हीकडची माणसे आणि निम्म्या बायका असाव्यात, असा आग्रह आपण धरावा. मिरवणुकीआधी एकत्र बसायची भिवंडीची पद्धत घ्यावी. मुलांसाठी एकच अभ्यासिका काढावी. आणि इमारतीत एक वही ठेवावी, जिच्यात दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी १९७४ची आपापली आठवण लिहावी. दगड मारणाऱ्यानेही लिहावी. भागवत जाधव यांचे नाव त्या वहीत पहिल्या पानावर असावे. पेन्शनीत निघालेले कारकून आपल्याकडे भरपूर आहेत, वही नीट ठेवण्याचे काम ते आनंदाने करतील.

शेवटी एक योगायोग सांगतो. वरळी पेटली त्याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा झाली. ‘नारायण विनायक जगताप’ नावाच्या कुणा लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा तीत पहिली आली. ते लेखक म्हणजे शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, हे मागाहून कळले. नावाचे वजन पडू नये, कथा गुणावर तोलली जावी, म्हणून त्यांनी आपले नाव बाजूला ठेवले होते. नाव न पाहता गुण पाहणे, हा प्रयोग आपल्या समाजात स्पर्धेबाहेर किती वेळा होतो?

आपल्या मुलामुलींनी विज्ञानकथा लिहावी, अशी माझी फार इच्छा आहे. तिच्यात राक्षस नको, अग्निबाणही नसला तरी चालेल. साल घ्यावे २०७४, म्हणजे दंगलीला शंभर वर्षे. जागा वरळीच्या मनोऱ्याचा चाळीसावा मजला. वीज गेली आहे, लिफ्ट बंद आहे. एका घरातल्या म्हातारीला इस्पितळात न्यायचे आहे आणि खुर्चीला हात लावायला चार माणसे हवी आहेत. पॅसेजमध्ये किती दरवाजे उघडतात, आणि कुणाकुणाचे, ते मुलांनीच लिहावे. ती कथा खरी ठरावी, एवढे काम आपण मोठ्यांनी आतापासून करून ठेवले पाहिजे. जयभीम!